वेलांटी आधी की मागून?

मी एक जुना टाइपरायटर आहे. तोही मराठी टाइपरायटर, हे आधीच सांगून ठेवतो, कारण इंग्रजीवाल्यांच्या रांगेत मला बसवलेलं मला खपत नाही. त्यांना सव्वीस अक्षरं सांभाळली की झालं. मला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि वर जोडाक्षरं, एवढा सगळा संसार तेवढ्याच कळांवर मांडावा लागतो. मित्रांनो, मी थोडा घमेंडखोर आहे असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. एवढी वर्षं काम केल्यावर थोडी घमेंड मला शोभते.

माझा जन्म मुंबईतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कामगारांनी माझी एकेक दांडी घासूनपुसून बसवली, सांध्यांना तेल पाजलं, आणि शेवटी एका चष्मेवाल्या माणसाने माझी प्रत्येक कळ दाबून कागदावर अक्षर नीट उठतं का ते पाहिलं. मग लाकडी खोक्यात, भुशाच्या गादीवर निजवून मला रेल्वेत चढवलं. मी उतरलो तो बेलापूर स्टेशनावर. गंमत अशी, की स्टेशनाचं नाव बेलापूर, पण बाहेर पाऊल टाकलं की लागतं श्रीरामपूर. खरं बेलापूर गाव तिथून पुढे, सायकलवर जाण्याच्या अंतरावर आहे.

मला न्यायला मच्छिंद्र सर आले होते. हातगाडीवर मला ठेवलं आणि रस्त्यात खड्डा आला की ते माझ्यावर दोन्ही हात धरायचे. हातगाडीवाला म्हणाला, "मास्तर, लोखंडाचं हाय, फुटणार न्हाई." सर म्हणाले, "लोखंडाचं आहे, पण माझं आहे." तेव्हापासून मी सरांचा झालो.

सरांचा टायपिंग क्लास गोरक्ष टेलरच्या दुकानावर माडीवर होता. खाली गोरक्षची शिलाई मशीन घरघरायची आणि वर आम्ही सगळे टाइपरायटर एकाच वेळी खडखडायचो. नवीन माणूस जिना चढताना कानावर हात ठेवायचा. काय दिवस होते ते. पहाटेपासून मुलं-मुली जिन्यावर रांग लावत. परीक्षेच्या दिवशी आम्हाला टेम्पोत बसवून परीक्षा केंद्रावर नेत, आणि प्रत्येक पोराला मीच हवा असायचा. "सर, मला कोपऱ्यातलं द्या, त्याच्या कळा हलक्या हायेत," अशी भांडणं व्हायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो, पण मनातून फुगायचो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. 'परिषद' हा शब्द कागदावर लिहिलेला बघा. 'प'नंतर आधी दिसते ती पहिली वेलांटी, आणि तिच्या मागून येतो 'र'. मी डावीकडून उजवीकडे चालणारा प्राणी. जे आधी दिसतं ते मी आधी उमटवतो. म्हणून माझ्यावर आधी वेलांटीची कळ दाबायची आणि मग अक्षराची. नवीन मुलं इथेच अडखळत. मग सर हातातली पट्टी टेबलावर आपटून म्हणत, "वेलांटी आधी, अक्षर मागून." दिवसभर हेच. खाली बसलेला गोरक्षसुद्धा काज्याला टाके घालताना तेच गुणगुणायचा. सरांच्या हाताखालून गेलेल्या पोराची वेलांटी झोपेतही आधी पडायची.

आणि मग समोरच्या इमारतीत कॉम्प्युटर क्लास निघाला.

काचेचं दार, आत थंड हवा, बाहेर चपला काढून ठेवायच्या. देवळात जावं तशी मुलं अनवाणी आत जायची. तिथे शिकवायचे ते सगळं इंग्रजीत. मराठीचा पत्ताच नव्हता. पण बाजारात एकच बोलणं सुरू झालं, की आता टायपिंगला कुणी विचारणार नाही, जे काही आहे ते कॉम्प्युटरमध्येच आहे. आमच्या जिन्यावरची रांग आटत गेली. सरांनी एकेक करून माझे बरेचसे सोबती विकले. काही तर भंगारवाल्याने वजनावर नेले. माझ्यावर धूळ बसली, रिबीन वाळली आणि माझ्या पोटात एका पालीने घर केलं. गोरक्ष खालून ओरडून विचारायचा, "सर, वरचा कारखाना बंद पडला काय?" सर खिडकी लावून घ्यायचे. मला फार वाईट वाटायचं, मित्रांनो. आपलं काम संपलं असं लोक आपल्यासमोर बोलतात, तेव्हा लोखंडाचंही काळीज दुखतं.

अशा दिवसांत एक बाप आपल्या मुलीला घेऊन माडी चढला. अंगात कारखान्याचा खाकी शर्ट, आणि दारातच त्याने हात जोडले.

"जय भीम, सर. मी बन्सी, बेलापूरचा. ही माजी पोरगी प्रज्ञा. डीएडचा नंबर थोडक्यात हुकला हिचा. हिला आसं शिकवा, का नोकरी पर्मनंट लागंल."

"नोकरी माझ्या हातात नाही, बन्सीभाऊ," सर म्हणाले. "बोटं तेवढी तयार करून देतो."

"व्हय, पर पर्मनंट पायजे," बन्सीभाऊ पुन्हा म्हणाले.

या शब्दाचा त्यांनी ध्यासच घेतला होता, आणि तो का घेतला हे मला हळूहळू कळलं. बन्सीभाऊ साखर कारखान्यात सिझनल कामगार होते. उसाचं गाळप सुरू झालं की कामावर, संपलं की घरी. त्यांच्या बरोबरीचे काही लोक पर्मनंट झाले, यांचा नंबर काही लागला नाही. एकदा ते सरांना म्हणाले, "चिमणीचा धूर थांबला का आमचं बी थांबतं. घरात बसून दुसऱ्याकडं काम मागायला जीव लई लाजतो, सर. पोरीच्या वाट्याला त्ये नगं." हे सांगताना ते माझ्याकडे बघत होते. जणू माझ्याकडूनच त्यांना वचन हवं होतं.

प्रज्ञाने माझ्यावरची धूळ पुसली, पालीला बाहेर काढलं, जुन्या दातांच्या ब्रशने माझी अक्षरं घासली आणि शिकायला बसली. अबोल पोरगी, पण बोटं काय चालायची तिची. सरांना पट्टी आपटावी लागलीच नाही. तीस आणि चाळीस शब्दांच्या दोन्ही सरकारी परीक्षा ती माझ्यावर पास झाली आणि सरांनी पुष्कळ दिवसांनी क्लासमध्ये पेढे वाटले.

पण पेढ्यांनी नोकरी लागत नाही. थोड्याच दिवसांत तालुक्याच्या दूध संघात मराठी टंकलेखकाची जागा निघाली. चाचणी होती. प्रज्ञा नवीन ओढणी घेऊन सायकलवर गेली, आणि परत आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. ती माझ्यासमोर येऊन बसली.

"काय झालं गं?" सरांनी विचारलं.

"सर, तिथं टाइपरायटर नाहीच. कॉम्प्युटर आणलाय. मराठीचा. अक्षरांच्या जागा आपल्यासारख्याच ठेवल्यात, म्हणून मी खूश झाले. पण लिहायला लागले आणि सगळ्या वेलांट्या उडाल्या. 'परिषद' लिहिलं तर 'पिरषद' आलं. 'महिला'चं 'मिहला' झालं. 'शनिवार'चा 'शिनवार'. बारीक अक्षरात नाही सर, काचेवर एवढं मोठं दिसत होतं. मागचे लोक हसत होते."

"आणि मग ते हसणारे स्वतः बसले तेव्हा?"

"त्यांचं पण तेच झालं. सगळे टायपिंग क्लासचेच की. सगळ्यांनी वेलांटी आधी दाबली." इथे तिला जरा हसू आलं. "चाचणी घेणाऱ्या पुष्पावती मॅडम डोकं धरून बसल्या. म्हणाल्या, एकजात सगळ्यांनी एकच चूक केली, आता कुणाला घेऊ? येत्या सोमवारी पुन्हा बोलावलंय सगळ्यांना."

सरांचा चेहरा बघवेना. सगळं आयुष्य ज्या माणसाने 'वेलांटी आधी' एवढंच घोकून घेतलं, त्याच्याच मुलांचं त्या वेलांटीने हसं झालं होतं. मला तर असा राग आला, की माझं चाललं असतं तर मी त्या कॉम्प्युटरवर जाऊन पडलो असतो.

तेवढ्यात बन्सीभाऊ आले. त्यांना सायकलस्टँडवरच सगळं कळलं होतं. ते म्हणाले, "प्रज्ञा, त्यो नाद सोड. कोर्टासमोर कारभारी वकील हायेत, त्यांना टायपिंगला मानूस पायजे. मशीन त्यांचंच. मी बोललोय. सोमवारी ये म्हनले, न्हाई आली तर दुसरा ठिवतील. कोर्ट काय कुटं जात न्हाई, जल्मभराचं काम हाय."

"कोर्ट नाही जायचं, आण्णा," प्रज्ञा म्हणाली. "पण टाइपरायटर जाईल. आज दूध संघात कॉम्प्युटर आला, उद्या वकिलाकडं येईल. तेव्हा मी काय करू?"

"उद्याचं उद्या बगू."

"तुमीच म्हनता ना पर्मनंट पायजे? मग उद्याचंच बघाया लागंल."

बापाशी बोलता बोलता ती घरच्या बोलीवर यायची. बन्सीभाऊ कशाला घाबरत होते ते मला कळत होतं. दोन्हीकडे बोलावलं होतं ते एकाच सोमवारी. इकडे जाऊन ही नापास झाली, तर तिकडचं हातचं काम जाणार. पोरगी घरी बसणार. ज्या दिवसाची त्यांना आयुष्यभर धास्ती होती, तोच दिवस पोरीच्या दारात उभा राहणार.

ते गेल्यावर प्रज्ञा सरांना म्हणाली, "सर, वेळ संपता संपता माझं बोट चुकलं आणि एक 'रि' बरोबर आली. चुकून र आधी दाबला गेला होता, वेलांटी मागून. तेव्हा कळलं. तोंडानं आपण 'रि' म्हणतो तेव्हा आधी र् येतो, इ मागून येते. तो कॉम्प्युटर कागदासारखं लिहीत नाही, बोलल्यासारखं लिहितो. आपली वेलांटी डोळ्याची, त्याची वेलांटी तोंडाची."

सरांनी खिडकीतून समोरच्या काचेच्या दाराकडे बोट दाखवलं. "तिकडे मराठी नाही," ते म्हणाले. "दूध संघवाले सरावाला बसू देणार नाहीत. मग सराव कशावर करशील?"

प्रज्ञाने माझ्यावर हात ठेवला. "याच्यावर."

"याच्यावर वेलांटी मागून मारलीस तर कागदावर सगळं चुकीचं येईल."

"येऊ दे."

मित्रांनो, खरं सांगतो, मला ते अजिबात आवडलं नाही. माझ्या अंगातून कधी अशुद्ध अक्षर गेलं नव्हतं. कोर्टाच्या कागदांपासून लग्नपत्रिकांच्या मसुद्यापर्यंत सगळं माझ्यावर झालं होतं आणि कुणी बोट ठेवायला जागा नव्हती. आता ही पोरगी माझ्यावर 'परिषद' दाबायची आणि कागदावर यायचं 'परषिद'. 'गणित'चं 'गणति'. 'शनिवार'ची वेलांटी तर नको तिथे जाऊन बसायची आणि शब्द वाचताही यायचा नाही. मी कुरकुर करायचो, दांड्या अडकवायचो. ती शांतपणे दांडी सोडवायची आणि पुन्हा दाबायची.

आणि सर? सरांनी पट्टी उचलली, घसा साफ केला, आणि मोठ्याने म्हणाले, "अक्षर आधी, वेलांटी मागून." हे म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल ते मीच जाणे. खाली गोरक्षची मशीन थांबली. तो कात्री हातात घेऊन जिन्यावर आला. "सर, बरं वाटत न्हाई का?" त्याने काळजीने विचारलं. सरांनी त्याला चहा सांगायला पिटाळलं.

त्या आठवड्यात वीज सारखी जायची. वीज गेली की समोरच्या काचेच्या दारातून मुलं बाहेर येऊन, चपला घालून रस्त्यावर वाऱ्याला उभी राहायची. आणि आमच्या माडीवर खडखड चालूच. मला कुठे वीज लागते? त्या मुलांनी माना वर करून बघितलं, तेव्हा कुरकुर सोडून मी मन लावून कामाला लागलो. पोरीला माझ्यावर भरवसा आहे, तर आपण तरी का मागे राहावं?

शुक्रवारी बन्सीभाऊ डबा घेऊन आले. त्यांनी माझ्यात अडकवलेला कागद वाचला आणि हादरले. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण वेलांटी कुठे असावी ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. "सर, ही तर हुतं त्ये बी इसरली," ते हळूच म्हणाले. "परिषदेचं काय करून ठिवलंय बगा. हिच्या जिवाला लागलं आसंल. बास करा आता."

प्रज्ञाने त्यांना शेजारी स्टुलावर बसवलं. "आण्णा, मला काहीही झालेलं न्हाई. बगा, हितं कागद चुकला म्हंजी माजं बोट बरोबर चाललं. ज्या दिवशी हितं ह्या वेलांटीचा एकबी शब्द बरोबर यायचा न्हाई, त्या दिवशी तिकडं सगळं बरोबर यील."

बन्सीभाऊंनी कागद पुन्हा हातात घेतला. मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ते बोट फिरवत एकेक ओळ वाचायला लागले आणि मध्येच थांबून म्हणाले, "ह्यो बग. ह्यो 'कविता' शब्द बरोबर आलाय." प्रज्ञा चपापली. खरंच तिथे जुनी सवय उफाळून आली होती. ती ओळ तिने पुन्हा मारली. त्यानंतर रविवारपर्यंत बाप बरोबर आलेले शब्द शोधायचा आणि लेक ते चुकवायची. असा अभ्यास मी कधी पाहिला नव्हता. रविवारी त्यांना एकही बरोबर शब्द सापडला नाही. सरांनी बन्सीभाऊंना टाळी दिली.

सोमवारी ती गेली ती दूध संघात. कारभारी वकिलांना बन्सीभाऊंनी स्वतः जाऊन 'पोरगी येणार नाही' असं सांगितलं. हे त्यांनी तिला विचारून केलं नाही, स्वतःच्या मनाने केलं, आणि मग दिवसभर आमच्या माडीवर येऊन बसले. सरही बसले.

दुपार टळता टळता जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. प्रज्ञा आली, दम लागलेला, ओढणी खांद्यावरून घसरलेली. बापाच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आण्णा, लागली."

मग तिने सगळं सांगितलं. बाकीच्यांनी आठवडाभर जुनाच सराव करून वेग वाढवून आणला होता, त्यामुळे वेलांट्या आणखी वेगाने उडाल्या. हिला टाइप करायला दिलेली सूचना काचेवर ओळीमागून ओळ उमटत गेली आणि एकही वेलांटी हलली नाही. पुष्पावती मॅडम खुर्ची सोडून मागे येऊन उभ्या राहिल्या. "कुठल्या कॉम्प्युटर क्लासला गेलीस?" त्यांनी विचारलं. ही म्हणाली, "गेले नाही, मॅडम. टाइपरायटरवर शिकले." "टाइपरायटरवर कॉम्प्युटर? ते कसं?" "सगळं चुकीचं टाइप करून." मॅडमनी म्हणे तिला ते दोनदा सांगायला लावलं.

सरांनी रुमाल काढून डोळे पुसले. माझी छाती लोखंडाची, तरी भरून आली. आमचं काम संपलं म्हणणाऱ्या बाजाराला आम्ही माडीवरून उत्तर दिलं होतं.

"म्हंजी पर्मनंट झाली?" बन्सीभाऊंनी विचारलं.

प्रज्ञाने घसरलेली ओढणी सावरली. "सध्या हंगामी आहे, आण्णा."

हंगामी. कारखान्यातल्या सिझनलचं कार्यालयातलं नाव. बन्सीभाऊंनी मान खाली घातली आणि "बरं" एवढंच म्हणाले. हातचं काम सोडून आपण पोरीला त्याच खड्ड्यात ढकललं, असं त्यांच्या मनात आलं असणार. त्या दिवशी ते सरांनी मागवलेला पेढा न खाताच गेले.

पण पुढे काय झालं ते ऐका. पुष्पावती मॅडमनी दुसऱ्याच महिन्यात संघाच्या जुन्या टंकलेखकांना आमच्या माडीवर पाठवलं. सगळ्यांची वेलांटी आधी पडायची. मग पतसंस्थांचे लोक आले, राहुरीकडून आले, कोपरगावहून एसटीने आले. शेवटी कारभारी वकिलांनीही आपला नवा माणूस पाठवून दिला, कारण त्यांच्याकडेही कॉम्प्युटर आला होता. प्रज्ञा ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी शिकवायची. सरांनी गोरक्षकडून जाड कापडावर अक्षरं शिवून घेऊन पाटी लावली, 'टाइपरायटरवरून कॉम्प्युटरवर'. जिन्यावर पुन्हा रांग लागली. पुढच्या वर्षी सरांनी एक जुना कॉम्प्युटर आणून माझ्या शेजारी ठेवला. मी त्याच्याशी बोलत नाही असं नाही, पण तो वीज गेली की झोपतो, हे मी त्याला अधूनमधून ऐकवतो.

एकदा संघाने सगळे कॉम्प्युटर बदलले. नव्यात अक्षरांच्या जागाच वेगळ्या होत्या. ऑफिसात सगळ्यांचं धाबं दणाणलं. प्रज्ञाने कळांचं चित्र कागदावर काढलं, माझ्या कळांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि सराव सुरू केला. मी या खेपेला कुरकुर केली नाही. थोड्याच दिवसांत तीच बाकीच्यांना शिकवायला लागली.

मित्रांनो, आता हे शतक संपत आलं आहे आणि तुम्ही मोठे व्हाल तेव्हा मी बहुधा नसेन. तुमच्या घरात, शाळेत माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल, तर त्याला जुन्या ब्रशने घासा, सांध्यांत दोन थेंब तेल सोडा, वर फडकं टाका. आणि आपली बोटं शिकलेलं विसरून नवीन शिकायला कधी कचरली, तर त्यांना रागावू नका, थोडा वेळ द्या आणि पुन्हा बसवा.

परवाचीच गोष्ट. बन्सीभाऊ लेकीला न्यायला आले होते आणि खाली दुकानात बसले होते. कारखान्यातले त्यांच्या वयाचे एक गृहस्थ पँट शिवायला आले होते. त्यांनी विचारलं, "बन्सी, तुजी पोरगी दूध संघात हाय ना? झाली का पर्मनंट?"

वर माडीवर प्रज्ञाचा आवाज चालू होता, पोरं खडखडत होती. गोरक्षने मशीन थांबवली. मीही कान दिला.

"नोकरी अजून हंगामीच हाय," बन्सीभाऊ म्हणाले. "पर पोरगी पर्मनंट झाली."